दहातला एक

अब्दोन याताकोच्या बेटावर वीज नाही.
एक कंदील, एक दुर्बीण, रेघा मारलेली वही
आणि खाली खडकाच्या पाठीवर
चार लाख पाणकावळे.
आकडा त्याचा. राखणदाराचा आकडा खरा धरायचा असतो.

पिस्कोहून पंधरवड्याला होडी येते.
तांदूळ, पिण्याचं पाणी, काडेपेट्या,
आणि मेल्चोराची चिठ्ठी.
ती वर डोंगरात, पायऱ्या-पायऱ्यांच्या वावरात बटाटे लावते.
या बेटावरची विष्ठा पोत्यांतून तिच्या मातीत जाते.
नवरा-बायकोत सगळ्यात नियमित चालणारा
तेवढाच एक व्यवहार.

मोजणीला आलेल्या ओतिलियाबाईंनी एकदा
वहीच्या मागच्या पानावर त्याला हिशेब मांडून दिला होता.
थंड पाणी तळातून वर येतं, त्यावर ऊन पडतं.
काचेच्या डबीत राहणारे जीव, सुईच्या नेढ्यात मावतील असे,
त्या उन्हातले दहा हजार दाणे साठवतात.
त्यातले हजार इवल्या झिंग्यांना मिळतात,
शंभर आंचोवेताला, बोटाएवढ्या चंदेरी माशाला,
आणि पाणकावळ्याच्या पदरात
दहा.

आपल्याकडे दहात एक म्हणजे सरदेशमुखी.
ती न्यायला घोडेस्वार यायचे, पावती नसायची.
इथं सगळं उलटं.
एकच पुढे जातो,
नऊ जागच्या जागी खर्ची पडतात
आणि वसुलीला कुणी येत नाही.

अब्दोननं हे सगळं मेल्चोराला कळवलं.
तिचं उत्तर आलं चार आठवड्यांनी:
'असला व्यापारी माझ्या आईनं
दारात उभा केला नसता.
ते नऊ कोण खातं, ते आधी बघ.'

मग ते वर्ष आलं.
समुद्र कोमट झाला, पायाला कळेल इतका.
खालचं पाणी खालीच राहिलं.
झिंगे विरळ झाले, मासे खोल गेले,
पक्षी पहाटे गेले ते दुपारी आले नाहीत,
दुसऱ्या दिवशीही नाहीत.
चार लाखांचा कलकलाट बंद पडल्यावर
बेटाला स्वतःचा आवाज नाही, हे त्याला पहिल्यांदा कळलं.
तळे राखी तो पाणी चाखी म्हणतात.
त्यानं चाखली ती
घरट्याघरट्यांतून पसरलेली शांतता.

एक पिल्लू अजून चोच उघडत होतं.
त्यानं ते सदऱ्यात घेतलं.
हाडं नि कातडी, पण केवढं तापलेलं!
जणू कुणी चुलीतला दगड कापडात गुंडाळून दिलाय.
बोटांखाली काळीज धडधडत होतं
आणि त्याला नऊ भाग सापडले.
हे इथं होते की.
बुडी मारण्यात, शेजारणीशी भांडण्यात,
धुक्याच्या रात्री अंड्यावर बसून राहण्यात,
भिण्यातसुद्धा.
तोटा कसला, मेल्चोरा,
हा तर संसाराचा खर्च.

पहाटेच्या आत पिल्लू गार झालं.
ऊब नाहीशी झाली नव्हती.
ती त्याच्या सदऱ्यात गेली, खोलीत गेली,
फटीतून बाहेर गेली, समुद्रभर झाली,
एवढी पातळ
की आता एका माशीलाही पुरणार नव्हती.

पोती मात्र गेली, जुन्या साठ्यातली.
माती फिरते: बेटावरून वावरात,
वावरातून ओढ्यात, ओढ्यातून समुद्रात, सावकाश.
ऊन फिरत नाही.
ते रोज नवं आणावं लागतं
आणि आणणारा, सुदैवानं, अजून उधार मागत नाही.

वहीत त्यानं लिहिलं: पक्षी, एकोणतीस हजार.
खाली लिहिलं: पिल्लू, एक.
मग ते खोडलं.
मग खोडलेलं वाचता येतंय ना, ते कंदील जवळ धरून पाहिलं.

होडीबरोबर आलेले बटाटे त्यानं उकडले.
पहिला हातात घेतला. चटका बसला.
त्यानं फुंकर घातली नाही.